मीठ आत, सोडा बाहेर : मोठ्या आतड्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जुलाबांवाटे शरीरातले क्षार कसे वाहून जातात याविषयी लिहिताना 'बायकार्बोनेट' हा शब्द मी ओझरता वापरला होता. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे याच एका शब्दाभोवती फिरणारी निघाली. आपल्या स्वयंपाकघरातला खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि आपल्या मोठ्या आतड्याच्या अस्तरातून रात्रंदिवस पाझरतो तोही बायकार्बोनेटच. त्यामुळे एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघेल असे वाटणे स्वाभाविक आहे. या महिन्याचे सदर म्हणूनच केवळ या विषयाला दिले आहे. पत्रे संक्षेपाने छापली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय ६१ असून यंत्रमागावर चाळीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. 'मोठे आतडे अल्कधर्मी ठेवा, कर्करोगसुद्धा जवळ येणार नाही' असा एक संदेश मोबाइलवर आला होता. तो वाचून गेले चार महिने मी रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर खायचा सोडा घेत आहे. सुरुवातीला पोट हलके वाटले. आता संध्याकाळी पायांवर सूज येते आणि रक्तदाबही वाढला आहे. सोडा चालू ठेवावा का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सोडा आजच बंद करावा आणि याच आठवड्यात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. भेटताना सोड्याची गोष्ट आवर्जून सांगावी, कारण रुग्ण ती औषधात मोजत नाहीत आणि डॉक्टरांनाही विचारायचे सुचत नाही. सपाट चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते. प्रौढ माणसाने दिवसभरात सगळे मिळून दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सकाळचा चहा होण्यापूर्वीच आपण दिवसाच्या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग संपवत होता, आणि त्यावर शेंगा चटणी, लोणचे आणि आमटीतले मीठ वेगळेच. पायांची सूज आणि चढलेला रक्तदाब यांचे कारण बहुधा इथेच सापडेल. तरीही मूत्रपिंडे आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी, कारण या वयात सूज एकाच कारणाने येते असे गृहीत धरणे योग्य नाही.

आता मूळ मुद्दा. आपण प्यायलेला सोडा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यात सोडा टाकल्यावर पेल्यात जो फेस उसळतो, तेच जठरात घडते. तिथल्या आम्लाशी संयोग होऊन सोड्याचे मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू होतो, आणि तो वायू ढेकर बनून बाहेर पडला की पोट हलके वाटते. जो थोडाफार सोडा उरतो तो लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषला जातो आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे काढून टाकतात.

मोठ्या आतड्याला बाहेरच्या सोड्याची गरजही नसते, कारण त्याच्या अस्तरातल्या पेशी तो स्वतः तयार करतात. पेशीत पाणी असते आणि तिच्याच कामातून निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइडही असतो. कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचे विकर (एन्झाइम) या दोघांचा संयोग घडवते आणि त्यातून एक आम्लाचा कण, म्हणजे हायड्रोजन, आणि एक बायकार्बोनेटचा कण असे दोन कण मिळतात. पेशीच्या ज्या बाजूला मळ असतो त्या बाजूच्या पातळ आवरणात दोन वेगवेगळी प्रथिने बसलेली असतात. त्यांपैकी एक आम्लाचा कण बाहेर टाकून त्याच्या बदल्यात सोडियम आत घेते. दुसरे बायकार्बोनेट बाहेर देऊन त्याच्या बदल्यात क्लोराइड आत घेते. सोडियम आणि क्लोराइड मिळून आपले मीठ होते. मीठ आत आले की त्याच्या मागोमाग पाणी आत येते, आणि बाहेर गेलेले आम्ल व बायकार्बोनेट एकमेकांना भेटून पुन्हा पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. लहान आतड्याकडून मोठ्या आतड्यात रोज दीड ते दोन लिटर पातळ द्रव येतो आणि शौचावाटे त्यातले जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर जाते. मधला बराचसा फरक या अदलाबदलीने वाचवलेला असतो. सोलापूरच्या वैशाखात, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, हे वाचलेले पाणी किती मोलाचे आहे ते यंत्रमागाच्या शेडमध्ये उभे राहून काम केलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

पूर्वी दारावर बोहारीण येत असे. जुने कपडे हातात पडल्याशिवाय ती भांडे सोडत नसे आणि भांडे दिल्याशिवाय कपड्यांचे गाठोडे उचलत नसे. बायकार्बोनेट देऊन क्लोराइड घेणारे प्रथिन अगदी तशाच शिस्तीने चालते. त्याला 'डीआरए' (डाउन-रेग्युलेटेड इन ॲडेनोमा, म्हणजे गाठीत दबलेले) असे संक्षिप्त नाव असून १९९३ साली त्याचे जनुक सापडले, तेव्हा मोठ्या आतड्यातल्या गाठींमध्ये ते दबलेले दिसले म्हणून हे नाव पडले. एवढ्या एका निरीक्षणावरून 'सोडा प्या आणि कर्करोग टाळा' असा निष्कर्ष काढणे म्हणजे बैल विकून झूल जपणे होय. गाठीच्या पेशी बिघडलेल्या असतात म्हणून त्या हे प्रथिन कमी बनवतात. वरून सोडा ओतल्याने ते प्रथिन परत येत नाही.

आणि 'अल्कधर्मी आतडे' ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. निरोगी मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (सातच्या खाली आम्लधर्मी), सहाच्या आसपास असतो, आणि गुदाशयाकडे जाताना तो सातच्या जवळ येतो. हे आम्ल तिथल्या उपयुक्त जिवाणूंनी तयार केलेले असते आणि ते असणे चांगले लक्षण आहे.

प्रश्न : पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस पाण्यासारखे जुलाब झाले. तिसऱ्या दिवशी तो धापा टाकू लागला म्हणून आम्ही घाबरून त्याला न्यूमोनियासाठी दाखवले. छातीचा फोटो स्वच्छ निघाला. रक्तात बायकार्बोनेट ११ आहे, असे सांगून लगेच सलाईन लावले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास आपोआप शांत झाला. पोट बिघडल्यावर धाप का लागते? आणि मग त्याला खायचा सोडाच का दिला नाही? (एक आई, मोहोळ)

उत्तर : ताई, आपण मुलाला वेळेवर नेले ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाली. अशा मुलाचा श्वास मी अनेकदा खाटेशेजारी उभा राहून पाहिला आहे. तो न्यूमोनियातल्यासारखा तोकडा आणि कण्हत घेतलेला नसतो. प्रत्येक श्वास खोल असतो, एकापाठोपाठ एक उसासे टाकावेत तसा, पण छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकले तर आतून कफाची घरघर ऐकू येत नाही. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश मागे जाते, आणि या सगळ्यांत तो मोठा मोठा श्वास.

त्याचे कारण असे की आतड्यातला बराचसा द्रव रक्तातूनच आलेला असतो आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. एरवी त्याचा हिशोब आतल्या आत मिटतो. जुलाबांत मात्र लहान आतड्यातून इतका लोंढा येतो की मोठ्या आतड्याची सोसण्याची ताकद संपते. प्रौढ माणसातही दिवसाला चार-पाच लिटरच्या पुढे ते द्रव शोषू शकत नाही. शिवाय लोंढा वेगाने सरकत असल्यामुळे देवाणघेवाणीला वेळ मिळत नाही. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जंतूचे विष तर पेशीतला क्लोराइड आणि बायकार्बोनेटचा दरवाजा उघडाच ठेवते आणि मीठ आत घेण्याची वाट अडवते. रक्तात लिटरमागे साधारण २४ मिलिमोल बायकार्बोनेट असते, तर पटकी झालेल्या प्रौढाच्या जुलाबांच्या पाण्यात ते ४० च्याही पुढे जाते. असे पाणी लिटर लिटर वाहून गेले की रक्त आम्लधर्मी होऊ लागते. ते आम्ल शरीर फुप्फुसांवाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकून कमी करू पाहते, आणि आपल्याला दिसते ती धाप. बिघाड आतड्यात होता. फुप्फुसे तो निस्तरत होती.

ही गोष्ट माणसाच्या लक्षात पहिल्यांदा आली ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ असताना विल्यम ब्रुक ओशॉनेसी या बावीस वर्षांच्या डॉक्टराने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी, मीठ आणि अल्क कमी झालेले आहे आणि तेच पदार्थ जुलाबांत सापडतात. त्यावरून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लॅटा यांनी मीठ आणि सोडा विरघळवलेले पाणी मरणपंथाला लागलेल्या रुग्णांच्या शिरेत सोडले. आपल्या मुलाला लावलेल्या सलाईनचा तो मूळ पुरुष. ओशॉनेसी पुढच्याच वर्षी कलकत्त्याला आले आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्राच्या उभारणीत गुंतले. त्यांच्या रक्ततपासणीचा मात्र वैद्यकाला बराच काळ विसर पडला.

सोडा का दिला नाही, याचे उत्तर असे की तो दुसऱ्या रूपात दिलाच होता. जुलाबांत सहसा लावले जाणारे रिंगर लॅक्टेट हे सलाईन असो किंवा ओआरएसच्या पाकिटातले सायट्रेट असो, दोन्हींचे शरीरात गेल्यावर बायकार्बोनेट होते. ओआरएसच्या जुन्या पाकिटात प्रत्यक्ष सोडाच असे, पण दमट हवेत ती भुकटी लवकर खराब होत असे. म्हणून १९८४ पासून त्या जागी टिकाऊ असे ट्रायसोडियम सायट्रेट घालण्यास सुरुवात झाली. २००२ पासूनच्या प्रमाणानुसार एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. ग्लुकोज चवीसाठी नसते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आत जातात आणि पटकीचे विषही ती वाट बंद करू शकत नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आणले. एवढे स्वस्त आणि एवढे प्रभावी औषध वैद्यकात क्वचितच आहे, आणि ते पुरेसे वापरले जात नाही याचे मला मनापासून दुःख होते.

आपल्याकडे त्यात एक चूक वारंवार होते. लिटरभर पाण्याचे अख्खे पाकीट एका फुलपात्रात कालवले जाते. असे खारट-गोड दाट पाणी उलट आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पाकिटावर लिहिलेले पाण्याचे माप मोजूनच घ्यावे. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, घोट घोट द्यावे, आणि उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. सोबत डॉक्टरांच्या सांगण्यावरून जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पूर्ण कराव्यात. पाकीट आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मिळते. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलाला आपल्या मनाने देऊ नयेत. मूल पाणी पीत नसेल, सुस्त पडले असेल, शौचात रक्त असेल किंवा पुन्हा तसा खोल श्वास दिसला, तर घरी वाट पाहू नये.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरी होते. सुनेच्या मते भाकरीने पोटात वायू धरतो, म्हणून तिने मुलांना भात आणि मैद्याचे पाव-बिस्किट सुरू केले आहे. नातवाला आता तीन-तीन दिवस शौचास होत नाही. ज्वारी आतड्याला खरेच चांगली की ती आमची समजूत? (एक आजी, मंगळवेढा)

उत्तर : समजूत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा, म्हणजे तंतुमय भाग असतो. पांढऱ्या तांदळात तो तीन ग्रॅमसुद्धा नसतो आणि मैद्यातून तर कोंड्याबरोबर बराचसा निघून गेलेला असतो. पण सूनबाईंवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो की न चाळलेल्या कणकेची पोळी या बाबतीत ज्वारीपेक्षा कमी नाही. भांडण ज्वारी आणि गहू यांच्यातले नसून चोथा असलेल्या आणि चोथा काढलेल्या धान्यातले आहे.

आपण पचवू शकत नाही असा हा भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट अशी तीन लहान आम्ले तयार होतात, आणि इथेच या सदराचा विषय पुन्हा येतो. ही आम्ले पेशीत शिरताना त्यांच्या मोबदल्यातही पेशी बायकार्बोनेट बाहेर सोडते. म्हणजे जिवाणूंनी केलेले आम्ल जिथल्या तिथे सौम्य होते, आम्लांबरोबर मीठ आणि पाणीही जास्त शोषले जाते, आणि पेशीला अन्न मिळते ते वेगळेच. मोठ्या आतड्याच्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा रक्तातल्या साखरेवर नव्हे, तर या ब्युटिरेटवर मिळवतात. १९८० मध्ये रोडिगर यांनी केलेल्या प्रयोगांत तो वाटा ७० टक्क्यांच्या घरात निघाला होता. शरीराच्या इतर पेशींना रक्त अन्न पुरवते, आणि या पेशींना मात्र ते मळाच्या बाजूने, भाकरीच्या कोंड्यातून मिळते, हे मला विद्यार्थिदशेत पहिल्यांदा कळले तेव्हा जेवणाच्या ताटाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. प्रतिजैविकांच्या लांबलेल्या उपचारानंतर अनेकांना जे जुलाब लागतात, त्यांमागचे एक कारणही हेच आहे : जिवाणू मेले, आम्ले घटली आणि त्यांच्याबरोबर होणारे मीठ-पाण्याचे शोषणही घटले.

वायू धरतो हे सूनबाईंचे निरीक्षण मात्र खरे आहे. आंबवण्यात वायू होतोच. सवय मोडलेल्या पोटात एकदम दोन भाकऱ्या, मटकीची उसळ आणि वर हुरडा पडला तर मूल कुरकुरणारच. नातवाला पहिल्या आठवड्यात एका जेवणाला अर्धी भाकरी द्यावी, मग हळूहळू वाढवावी. सोबत मूग, दोडका, गाजर, पेरू असे काहीतरी असावे आणि पाणी पुरेसे असावे, कारण चोथ्याला पाणी मिळाले नाही तर तो मळ घट्टच करतो. शिळी भाकरी ताकात कुस्करून देण्याची आपली रीतही चांगली आहे. शिजवून गार झालेल्या पिठातला थोडा भाग लहान आतड्यात पचत नाही आणि तोही जिवाणूंच्या वाट्याला येतो. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा शौचाच्या वेळी रक्त दिसले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : आमचे लग्न नात्यात, मामाच्या मुलीशी झाले आहे. गरोदरपणात सोनोग्राफीत गर्भजल फार जास्त आणि बाळाची आतडी फुगलेली दिसली होती. बाळ महिनाभर आधी जन्मले. पहिले काही दिवस लंगोट सतत ओला असे, पण ती लघवी आहे असेच सगळे समजत होते. नंतर कळले की ती पाण्यासारखी शी आहे. बाळाचे वजन वाढत नाही. रक्तात क्लोराइड खूप कमी आणि बायकार्बोनेट ३८ आहे. जुलाबांत तर बायकार्बोनेट कमी होते असे वाचले होते. (एक वडील, अक्कलकोट)

उत्तर : आपली शंका अगदी नेमकी आहे, आणि ती डॉक्टरांसमोर याच शब्दांत मांडावी. जुलाब असूनही रक्तातले बायकार्बोनेट चढलेले आणि क्लोराइड उतरलेले असेल, तर 'जन्मजात क्लोराइड जुलाब' या दुर्मीळ आजाराचा विचार करावा लागतो. आपण सांगितलेला सगळा इतिहास, जास्तीचे गर्भजल, फुगलेली आतडी, मुदतपूर्व जन्म आणि लघवी समजली गेलेली शी, त्याच्याशी जुळतो. केवळ पत्रावरून मी निदान करू शकत नाही, पण तपासणी लांबवू नये असे कळकळीने सांगतो.

वर ज्या डीआरए प्रथिनाची माहिती दिली, ते या बाळांत काम करत नाही. बायकार्बोनेट बाहेर जात नाही, म्हणून ते रक्तात साठते. क्लोराइड आत येत नाही, म्हणून ते पाण्याला सोबत घेऊन शीवाटे निघून जाते. १९४५ मध्ये अमेरिकेत गॅम्बल आणि डॅरो यांनी स्वतंत्रपणे अशा बाळांची वर्णने लिहिली, आणि १९९६ मध्ये हा दोष याच प्रथिनाच्या जनुकात असल्याचे सिद्ध झाले. फिनलंड, पोलंड, सौदी अरेबिया आणि कुवेत येथे तो तुलनेने अधिक आढळतो. दोष आईवडील दोघांकडून आला तरच आजार होतो आणि नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. यात आपल्या पत्नीचा किंवा आपला काही अपराध नाही, आणि घरातल्या कोणाला तसे बोलूही देऊ नये.

शीतले क्लोराइड मोजावे. पाणी आणि क्षार भरून काढल्यानंतर ते लिटरमागे ९० मिलिमोलच्या वर निघाले, तर निदान जवळजवळ पक्के होते, आणि जनुकीय तपासणीने त्यावर शिक्कामोर्तब करता येते. उपचार ऐकायला साधा वाटेल : मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड, वजनानुसार मोजून, रोज, जन्मभर. जुलाब त्यामुळे पूर्ण थांबत नाहीत, पण मूल वाढते, शाळेत जाते आणि मूत्रपिंडे वाचतात. मात्रा बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. या बाळाला सोडा किंवा सोड्याचे कोणतेही औषध देऊ नये. त्याच्याकडे तो आधीच जास्त आहे.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण होण्याचा आजार) आहे. आजार उसळला की रक्त आणि आव पडते. आव पडणे म्हणजे आतड्याचे अस्तर सोलून निघणे का? मला बायकार्बोनेटची काही चाचणी करावी लागेल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : आव म्हणजे अस्तर नव्हे, अस्तरावरचा चिकटा. निरोगी मोठ्या आतड्यात तो दोन थरांत असतो. बाहेरचा थर सैल असतो आणि त्यात जिवाणू राहतात. आतला थर घट्ट असतो आणि त्यात ते शिरू शकत नाहीत. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांच्या आतड्यात हे स्पष्ट दाखवले. कोट्यवधी जिवाणू पेशींच्या इतक्या जवळ असूनही भांडण होत नाही ते या आतल्या थरामुळे.

हा चिकटा पेशीतून बाहेर येतो तेव्हा कॅल्शियमच्या साहाय्याने घट्ट घडी घातलेला असतो. शेजारून पाझरणारे बायकार्बोनेट ते कॅल्शियम काढून घेते आणि मग घडी उलगडून चिकटा शेकडो पट फुगतो. कोरडा सब्जा पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती जी बुळबुळीत फुगी येते, ती डोळ्यांसमोर आणावी. बायकार्बोनेट कमी पडले तर चिकटा नीट फुलत नाही, पसरत नाही. ज्या उंदरांत डीआरए प्रथिन नाही, त्यांच्या मोठ्या आतड्यात हा घट्ट थर तयारच होत नाही आणि त्यांना आतड्याची सूज सहज येते. कोलायटिसच्या रुग्णांच्या सुजलेल्या अस्तरातही हे प्रथिन घटलेले आढळते. सूज प्रथिन घटवते आणि प्रथिन घटल्याने सूज वाढते, असे ते चक्र आहे.

म्हणूनच आपल्या आजारात सूज आटोक्यात ठेवणारे औषध हेच चिकट्याचेही औषध ठरते. बरे वाटू लागले की मेसालामाइन हे सुजेवरचे औषध बंद करण्याची चूक माझे अनेक तरुण रुग्ण करतात, ती आपण करू नये. अस्तरातले बायकार्बोनेट मोजण्याची नेहमीच्या वापरातली चाचणी नाही आणि आपल्याला तिची गरजही नाही. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन या सूज दाखवणाऱ्या प्रथिनाची तपासणी आणि ठरल्या वेळी दुर्बिणीतून तपासणी पुरेशी आहे. आजार उसळलेला असताना कोंडा आणि कच्ची कोशिंबीर थोडी कमी करावी. तो निवला की भाकरीकडे परत यावे.

प्रश्न : वडिलांचे मूत्राशय कर्करोगामुळे काढून आतड्याच्या तुकड्याची पिशवी करून दिली आहे. तेव्हापासून त्यांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या चालू आहेत. सोडा वाईट असे ऐकल्याने ते गोळ्या टाळू लागले आहेत. (एक वाचक, पंढरपूर)

उत्तर : त्यांना गोळ्या आजपासून पुन्हा नियमित द्याव्यात. आतड्याचा तुकडा कुठेही शिवला तरी तो आपला जुना व्यवहार सोडत नाही. त्याच्यात लघवी साठली की तो लघवीतले क्लोराइड आणि अमोनियम आत घेतो आणि बायकार्बोनेट बाहेर सोडतो, त्यामुळे रक्त हळूहळू आम्लधर्मी होते. दुर्लक्ष झाल्यास थकवा, भूक मंदावणे आणि पुढे हाडे ठिसूळ होणे असे त्याचे परिणाम दिसतात. अशा प्रसंगी तोंडाने घेतलेला सोडा रक्तातली खरी तूट भरून काढतो. मात्रा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी रक्तातल्या बायकार्बोनेटवरून ठरवलेली असते. पायांवर सूज किंवा रक्तदाब यांची काळजी वाटत असेल, तर गोळ्या परस्पर बंद न करता त्यांनाच विचारावे आणि पिशवी ठरलेल्या वेळी रिकामी करण्याचे विसरू नये, कारण लघवी जितका वेळ आत राहील तितकी ही अदलाबदल वाढत जाते.